लेबलवर लिहिलेलं नाकारू नकोस

सातारा

चि. डॉक्टरसाहेब,



परवा फोनवर तू इतका तणतणत होतास की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही. आणि फोनवर उपदेश केला की तुम्ही पोरं ‘हो आत्या, बरोबर आत्या’ म्हणत दुसरीकडे व्हॉट्सॲप चाळत बसता, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे कागदावर उतरवते आहे. ओपीडी आटोपल्यावर सवडीने वाच, पण पुढच्या लसीकरण सत्राच्या आधी वाच.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. उपकेंद्रावर दीड महिन्याचं बाळ घेऊन आलेल्या बाईने विचारलं, ‘डॉक्टर, ह्या लशीत पारा असतो म्हणे?’ तू म्हणालास, ‘काही नसतं हो ताई, मोबाईलवर काहीही येतं.’ तिने बाळाला टोपडं घातलं आणि ती चालती झाली, तिच्यामागून तिची जाऊही. सिस्टर हिरमुसल्या, आशाताईंनी वाडीवर बोलणी खाल्ली, आणि ‘लोक अडाणी आहेत’ असं म्हणून तू मोकळा झालास.

बाई अडाणी नाही रे. तिचा प्रश्न नेमका होता, उत्तर चुकलं ते तुझं. पेंटाव्हॅलंटची दहा डोसांची बाटली हातात घे आणि चष्मा लावून लेबल वाच. बारीक अक्षरात थायोमर्सल लिहिलेलं सापडेल, पुढे टक्केवारी. थायोमर्सलच्या वजनात जवळजवळ निम्मा पारा असतो. कुणीही त्या लेबलाचा फोटो काढला आणि गुगलला विचारलं की दोन मिनिटांत कळतं. मग तुझं ‘काही नसतं’ खोटं ठरतं, आणि त्यानंतर तू जे खरं सांगशील तेही खोट्याच्याच खात्यात जमा होतं. वैद्यकीय अधिकाऱ्याला एका गावात असं दोनदा झालेलं परवडत नाही.

तेव्हा आहे ते आहे म्हणून सांग. किती आहे, कशासाठी आहे आणि अंगात गेल्यावर त्याचं काय होतं, तेही सांग. तुला सांगता यावं म्हणून जरा लांबण लावते.

आधी किती ते. थायोमर्सल 0.01 टक्के असेल तर अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात ते 50 मायक्रोग्रॅम भरतं, म्हणजे पारा साधारण 25 मायक्रोग्रॅम. लेबलवर 0.005 टक्के असेल तर त्याच्या निम्मा. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले फार तर पंचवीस. जन्मल्याबरोबर दिली जाणारी हेपटायटिस बी, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटा, पुढचे डीपीटीचे बूस्टर, गरोदर बायकांचं टीडी, ह्या सरकारी पुरवठ्यातल्या अनेक डोसांच्या बाटल्यांत तो असतो. बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटा आणि गोवर-रुबेला ह्यांत नसतो, असूच शकत नाही. ह्या लशी जिवंत जंतूंच्या असतात; थायोमर्सल घातलं तर लसच मरेल. पोलिओच्या इंजेक्शनातही ते चालत नाही, कारण त्याने लशीची ताकद जाते.

ह्यातली गंमत लक्षात घे. लशीने मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होईल ह्या भीतीने आयाबाया सगळ्यांत जास्त बिचकतात त्या गोवराच्या लशीला, आणि नेमका तिच्यात पारा कधीच नव्हता. ती भीती लंडनची. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड ह्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवर एक निबंध लिहिला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशय घेतला. 2010 साली ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढून टाकलं गेलं. पाऱ्याची भीती अमेरिकेची, आणि ती 1999 सालची. मोबाईलवर ह्या दोन्हींचं एकच कालवण होऊन येतं. 2022 साली गोवंडीत गोवर पसरला आणि लेकरं गेली, ते तुझ्या इंटर्नशिपच्या आसपासचंच. तेव्हा कुणी ‘पारा’ म्हणून गोवराची लस टाळत असेल, तर निदान तिथे तुला छातीठोकपणे ‘नाही’ म्हणता येतं. हा ‘नाही’ जपून ठेव, जिथे आहे तिथे उधळू नकोस.

आता कशासाठी. हा भाग बायकांना सावकाश सांगायला हवा, कारण तो ऐकल्यावर प्रश्नाचं तोंडच बदलतं. आणि त्यातली पहिली गोष्ट आपल्या परळची आहे.

प्लेगची लस वाल्देमार हाफकिनने मुंबईत तयार केली आणि 1897 च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली, हे तुम्ही परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. पुढचं कुणी सांगत नाही. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा होती आणि तिथून देशभर बाटल्या जात. पंजाबात प्लेगने थैमान घातलं तेव्हा मागणी इतकी वाढली की लस झटपट तयार व्हावी म्हणून तिच्यात शेवटी घालायचं कार्बोलिक ॲसिड हाफकिनने वगळलं आणि उष्णतेवर भिस्त ठेवली. 30 ऑक्टोबर 1902 ला मुल्कोवाल ह्या गावी, जे आता पाकिस्तानात आहे, 107 माणसांना लस टोचली. त्यांपैकी 19 जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही दगावले. त्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. 53-एन असा तिचा क्रमांक कागदोपत्री नोंदलेला आहे. चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष. बाटली परळलाच दूषित झाली असा निष्कर्ष निघाला, कार्बोलिक का वगळलं म्हणून हाफकिनवर ठपका आला आणि त्याला पदावरून दूर केलं. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, ह्याकडे कुणी धड लक्षच दिलं नव्हतं. रोनाल्ड रॉससारख्यांनी 1907 साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून आवाज उठवला तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरला. 1925 साली त्याच प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं.

कार्बोलिक असतं तर ती माणसं वाचली असती का, ह्यावर वाद घालता येईल, कारण धनुर्वाताचे बीजाणू भारी चिवट. मला त्या चिमट्याचं वाटतं. बाटली परळहून पंजाबपर्यंत कितीही जपून गेली तरी बूच काढल्यावर पुढे काय होणार, ते उघडणाऱ्याच्या हातावर अवलंबून. हात चुकतो हे गृहीत धरूनच बाटली भरायला हवी, हे शिकायला त्यानंतर आणखी पंचवीस वर्षं लागली.

ते शिकवलं ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावाने. 1928 चा जानेवारी, तिकडचा ऐन उन्हाळा. घटसर्पाच्या लशीची रबरी बुचाची बाटली, तिच्यात परिरक्षक कुठलंच नाही. काही दिवस आधी त्याच बाटलीतून मुलांना टोचलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं. बाटली कपाटात राहिली. सुईबरोबर स्टॅफिलोकॉकस आत गेलेला, आणि उकाडा. 27 तारखेला 21 मुलांना टोचलं. बारा मुलं गेली, त्यांत एका घरातले तिघे भाऊ. चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिलं की ज्या बाटलीत पुन्हा पुन्हा सुई जायची, तिच्यात जंतू वाढू न देणारं पुरेसं द्रव्य असलंच पाहिजे. साधारण त्याच काळात अमेरिकेत मॉरिस खराश ह्या रसायनशास्त्रज्ञाने थायोमर्सल तयार केलं होतं. एली लिली कंपनीने ते मर्थिओलेट नावाने बाजारात आणलं आणि 1930 च्या दशकापासून ते लशींत वापरात आलं.

ही गोष्ट तुझ्या आयएलआरमध्ये, लशींच्या त्या फ्रिजमध्ये, रोज चालू आहे, बघितली नाहीस एवढंच. सिस्टर पेंटाची बाटली उघडतात तेव्हा तिच्यावर तारीख आणि वेळ लिहितात. सत्र संपल्यावर उरलेली बाटली, व्हीव्हीएम (बाटलीवरची उष्णतेची खूण) ठीक असेल, मुदत संपलेली नसेल, गोठलेली नसेल आणि बूच पाण्यात बुडालेलं नसेल, तर परत येते आणि अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. गोवर-रुबेलाची बाटली मात्र विरघळवल्यापासून चार तासांत टाकून द्यायची, आत कितीही डोस शिल्लक असले तरी. एकीला अठ्ठावीस दिवस आणि दुसरीला चार तास का, असं सिस्टरना कधी विचारलंस? एकीत थायोमर्सल आहे, दुसरीत नाही. चार तासांचा नियम मोडला की काय होतं, ते 2017 साली दक्षिण सुदानने पाहिलं. कापोएटा भागातल्या एका गावात गोवराची लस शीतपेटीविना ठेवली, एकच सिरिंज चार दिवस वापरली, आणि पंधरा मुलं गेली.

तेव्हा त्या बाईला बाटली हातात घेऊन दाखव. सांग, ‘ताई, ह्यात दहा बाळांची लस आहे, दहा वेळा सुई आत जाते. नवव्या बाळाच्या वेळी आत घाण वाढलेली नसावी म्हणून हे घातलंय.’ तिचं बाळ नववं असू शकतं, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही. अर्थात थायोमर्सल आहे म्हणून सुईची स्वच्छता सैल सोडायची नाही. ते सगळ्या जंतूंना पुरं पडत नाही.

त्यावर ती म्हणेल, घाण नको हे खरं, पण म्हणून पारा? आणि हा प्रश्नही रास्त आहे. पारा म्हटलं की विष हे कुणी शिकवावं लागत नाही. जपानमध्ये मिनामाता गावी चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातून मासळीत गेलेल्या पाऱ्याने पिढी पांगळी केली. 1956 साली तो रोग अधिकृतपणे नोंदला गेला. पण तो मिथिल पारा होता. थायोमर्सलमधून निघतो तो इथिल पारा. हे समजावायला आपल्याकडे एक कडू उदाहरण आहे. दारूच्या बाटलीत असतं ते इथिल अल्कोहोल. 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली ती मिथिल अल्कोहोलने. आडनाव एक, गुण निराळे. गावातल्या पुरुषांना हे एका वाक्यात कळतं, असा माझा अनुभव आहे.

मात्र ह्या उदाहरणावर फार भार टाकू नकोस. दारूही पोटभर प्यायली तर मारतेच, आणि इथिल पाराही साधा नाही. इराकमध्ये 1956 आणि 1960 साली पेरणीसाठी इथिल पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं धान्य लोकांनी दळून खाल्लं आणि माणसं दगावली. प्रश्न मात्रेचा आहे आणि अंगात किती दिवस मुक्काम करतो ह्याचा आहे. मिथिल पारा रक्तातून निम्मा व्हायला साधारण दीड महिना घेतो. इथिल पाऱ्याचं मोजमाप अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या डॉ. मायकेल पिचिचेरो ह्यांनी केलं. 2002 साली लस घेतलेल्या चाळीस तान्ह्यांचं रक्त तपासलं, तेव्हा तो आठवडाभरात निम्मा होताना दिसला. विष्ठेतही पारा सापडला, म्हणजे तो बाहेर पडत होता. पुढे ब्वेनोस आयरेसला दोनशे सोळा बाळांवर हेच केलं तेव्हा निम्मा व्हायला चार दिवसही लागले नाहीत, आणि महिन्याभरात रक्तातला पारा लशीच्या आधी होता तिथे परत आला. आपल्याकडे पेंटाच्या दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर असतं. ते अंतर पाऱ्यासाठी ठेवलेलं नाही, पण पुढचा डोस यायच्या सुमारास आधीचा रक्तातून गेलेला असतो.

आता अडचणीच्या गोष्टी. त्या तुला माहीत असायलाच हव्यात, कारण एखादा शिकलेला बाप त्या घेऊन येणार आणि तू गडबडणार.

पहिली. तो म्हणेल, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने दर किलो वजनामागे दिवसाला 0.1 मायक्रोग्रॅम पारा ही मर्यादा घातली आहे. खरं आहे. चार किलोच्या बाळाला दिवसाचे 0.4 झाले, 25 मायक्रोग्रॅम म्हणजे दोन महिन्यांचा वाटा एका दिवसात. गणित बरोबर आहे, ते नाकारू नकोस. पण ती मर्यादा मिथिल पाऱ्याची, आणि रोज, जन्मभर पोटात जाणाऱ्या पाऱ्यासाठी आखलेली, तीही भरपूर मोकळीक ठेवून. इथिलसाठी वेगळी मर्यादा तेव्हा कुणी आखलेलीच नव्हती. म्हणून तर रक्त मोजावं लागलं.

दुसरी. तो सिॲटलच्या माकडांचा दाखला देईल. 2005 साली टॉमस बरबाकर ह्यांनी माकडांच्या पिल्लांना थायोमर्सल आणि मिथिल पारा देऊन तुलना केली. थायोमर्सलच्या पिल्लांच्या मेंदूत एकूण पारा बराच कमी निघाला, पण जो होता त्यातला मोठा वाटा असेंद्रिय रूपात होता, आणि ते रूप मेंदूतून लवकर हलत नाही. हा प्रयोग लशीचे विरोधक अर्धा सांगतात, आणि लशीचे कैवारीही अर्धाच सांगतात. तू पुरा सांग.

तिसरी. सुरुवातीला थायोमर्सलची तपासणी आजच्या मानाने अगदीच तोकडी होती. 1929 च्या सुमारास इंडियानापोलिसला मेंदूज्वराची साथ होती, तिथल्या रुग्णांना ते शिरेतून दिलं गेलं. मरणपंथाला लागलेल्या माणसांवरून दूरच्या परिणामांविषयी काय कळणार? त्या काळी पाऱ्याचा धाकच कमी. आमच्या लहानपणी गुडघा फुटला की मर्क्युरोक्रोमचं लाल औषध चोपडायचे, तोही पाराच, आणि आम्ही ते मिरवत शाळेत जायचो. सांगायचं हे की थायोमर्सल निर्धोक आहे असं आज आपण म्हणतो ते 1930 च्या तपासणीवर विसंबून नव्हे. ते म्हणता येतं 1999 नंतरच्या कामामुळे.

1999 ची हकिगत तुझ्या कामाची आहे, कारण तिच्यात शहाण्या माणसांनी चांगल्या हेतूने गोंधळ कसा घालावा ह्याचा वस्तुपाठ आहे. अन्न आणि औषधांतला पारा मोजा असा कायदा अमेरिकेत 1997 साली झाला. लशींची बेरीज केल्यावर कळलं की सहा महिन्यांच्या बाळाला जास्तीत जास्त 187.5 मायक्रोग्रॅम पारा जाऊ शकतो. एकेका लशीचा हिशेब होता, बेरीज कुणी केली नव्हती! इजा झाल्याचा पुरावा नव्हता, पण मिथिल पाऱ्याच्या मर्यादेशी ताडलं तर आकडा टोचत होता. 7 जुलैला सरकारी आरोग्यखातं आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना ह्यांनी संयुक्त निवेदन काढलं: लशी सुरक्षित आहेत, तरी सावधगिरी म्हणून थायोमर्सल लवकरात लवकर काढा. आईबापांनी त्याचा काय अर्थ लावला असेल? सुरक्षित आहे तर काढता का, आणि काढता आहात तर इतकी वर्षं दिलंत का?

नुकसान लगेच दिसलं. ज्या आयांना हेपटायटिस बी नाही त्यांच्याच बाळांचा जन्मावेळचा डोस पुढे ढकलायचा होता, पण काही रुग्णालयांनी सरसकट सगळ्यांचाच थांबवला. मिशिगन राज्यात बाधित आईचं एक बाळ असंच लशीविना घरी गेलं आणि तिसऱ्या महिन्यात त्याच आजाराने गेलं.

आणि मग काय झालं? 2001 पर्यंत तिथल्या लहान मुलांच्या नेहमीच्या लशींतून, फ्लूच्या काही बाटल्या सोडल्या तर, थायोमर्सल गेलं. पाऱ्याने स्वमग्नता येत असती तर त्यानंतर जन्मलेल्या मुलांत ती उतरायला हवी होती. कॅलिफोर्नियाने वर्षानुवर्षं नोंदी पाहिल्या, आकडा चढतच राहिला. डेन्मार्कने तर 1992 सालीच ते बंद केलं होतं. तिथेही नोंदी वाढत गेल्या. 1990 ते 96 मधल्या चार लाख सदुसष्ट हजार डॅनिश मुलांच्या नोंदी ताडून पाहिल्या, पारा घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नाही. 2007 साली अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या 1,047 मुलांच्या बोलण्याच्या, स्मरणाच्या, हाताच्या चपळाईच्या चाचण्या घेतल्या. पारा जास्त गेलेली मुलं कुठे नखभर मागे, कुठे नखभर पुढे. एका बाजूला झुकणारं काही नाही. माझ्या लेखी वाद तिथेच मिटतो. जगातल्या एवढ्या मोठ्या लोकसंख्येवर एखादी गोष्ट बंद करून पाहण्याची संधी वैद्यकाला क्वचित मिळते, इथे ती मिळाली.

तरी अमेरिकेत पुन्हा उकरलंच. 2025 च्या जूनमध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ह्यांनी लसविषयक सल्लागार समितीचे सतराही सदस्य काढले, नवे नेमले, आणि नव्या समितीने थायोमर्सलवाल्या फ्लूच्या लशी नकोत अशी शिफारस केली. जुलैत मंत्र्यांनी सही केली. त्या बैठकीसाठी तयार केलेल्या सादरीकरणात एका अभ्यासाचा दाखला होता, आणि ज्याच्या नावे तो दिला होता तो शास्त्रज्ञच म्हणाला की असा अभ्यास आपण केलेलाच नाही. तुझ्या वाडीवर आलेला मेसेज बहुधा ह्याच बातमीचा नातू असावा. कुणी म्हणालं, ‘अमेरिकेने बंद केलं’, तर ‘हो, केलं’ म्हण आणि हे सगळं सांग. एवढंही सांग की तिकडे जवळजवळ सगळ्या फ्लूच्या लशी आधीपासूनच एकेका डोसाच्या होत्या, त्यामुळे त्यांना ते सोपं गेलं.

आपण एकेका डोसाच्या बाटल्या का घेत नाही, हे पुढे ओघाने येणारच. वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं, प्रत्येकाला तीन पेंटा. दहा डोसांच्या एका बाटलीच्या जागी दहा बाटल्या ठेवायच्या तर तुझ्या आयएलआरसारखे आणखी किती लागतील, सिस्टरना डोंगरावर किती पेट्या उचलाव्या लागतील, कचरा किती होईल, तूच हिशेब कर. दुसरं परिरक्षक घालायचं तर लस पुन्हा पहिल्यापासून तपासायला हवी. म्हणूनच 2013 साली पाऱ्याला जगातून हद्दपार करायचा मिनामाता करार झाला तेव्हा, ज्या गावाने पाऱ्याचं सगळ्यांत जास्त भोगलं त्याच्याच नावाच्या करारात, लशीतल्या थायोमर्सलला मुद्दाम सूट दिली गेली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने ह्या सुटीला पाठिंबा दिला.

एक पथ्य सांगते. बाळाच्या घरात कसलं भस्म, कुठली रसौषधी चाटवतात का, हे जरूर विचार. पाऱ्याची कज्जली घातलेली औषधं आपल्याकडे सर्रास मिळतात. पण ‘हे चालतं आणि लस चालत नाही का’ असं तिच्या तोंडावर मारू नकोस. सासूसमोर तर नाहीच. वाद जिंकशील आणि बाळ गमावशील.

आणि एखादी अशी येईल जिचं थोरलं मूल स्वमग्न आहे. तिच्यापुढे डेन्मार्क काढू नकोस. नावाने हाक मारली तर वळून न बघणं, बोटाने दाखवणं नसणं, आलेले दोन शब्द जाणं, हे सगळं वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास ध्यानात येतं, आणि लशीही त्याच काळात चालू असतात. तिने त्या दोघांचा संबंध जोडला तर त्यात मूर्खपणा काही नाही; कुठलीही आई मागे जाऊन काय चुकलं ते शोधतेच. आधी थोरल्याची चौकशी कर. जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हाताळणाऱ्या केंद्रात, दाखवलंय का, तिथे जायला गाडीभाडं कोण देतं, थेरपी चालू आहे का. चिठ्ठी लिहून दे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला फोन लाव. धाकट्याच्या लशीचं त्या दिवशी नाही झालं तरी चालेल, पुढच्या आठवड्यात तीच विचारेल.

ज्यांना परवडतं आणि ज्यांचं मन काही केल्या घेत नाही, ते खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे एका डोसाची, थायोमर्सल नसलेली लस मागतील. मागू दे. त्यांना ‘फुकटचं नको, विकतचं हवं’ असले टोमणे सिस्टरांना मारू देऊ नकोस. लस कुठून घेतली ह्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, घेतली की नाही ह्याच्याशी आहे. मात्र ‘बघू’ म्हणणाऱ्याकडून डॉक्टरचं नाव आणि तारीख घे, आशाताईंच्या वहीत लिहून ठेव, आणि त्या तारखेनंतर चार दिवसांनी कार्ड बघायला माणूस पाठव. तालुक्याला ती एका डोसाची लस मिळते की नाही, तेही आधी तूच फोन करून विचार. नाहीतर शोधण्यात दोन महिने जातात, आणि डांग्या खोकला सगळ्यांत वाईट होतो तो ह्याच वयात.

त्या दोघी जावांकडे ह्या आठवड्यातच जा. जीपने नको, आशाताईंबरोबर चालत जा. जाताना लशीबरोबर येणारा माहितीचा कागद खिशात ठेव आणि ‘त्या दिवशी मी नाही म्हणालो, पण ह्यात थोडा पारा आहे’ इथून सुरुवात कर. तारीख हुकली म्हणून काही बिघडलेलं नाही; पहिली पेंटा आता दे, पुढची चार आठवड्यांनी. पेंटा वर्षाच्या आत केव्हाही सुरू करता येते, पण तेवढं थांबायची सवलत म्हणून हे सांगू नकोस. टोचल्यावर ताप येईल, मांडी सुजेल, पॅरासिटामॉल किती द्यायचं, हेही तिथेच सांगून ठेव. पाऱ्याचं ऐकून घेतलेली बाई रात्री ताप आला की आधी पाऱ्यालाच दोष देणार, आणि त्या वेळी तुझा फोन लागायला हवा.

तुझी
आत्या